आठव्या आज्ञेचं राहून गेलेलं पान

माझी मावशी लॉण्ड्रीत इस्त्री करायची आणि दर रविवारी मिस्सेची प्रार्थना झाली की चर्चमागच्या खोलीत आम्हा पोरांना बायबलातल्या दहा आज्ञा शिकवायची. दोन्ही कामांत तिची पद्धत एकच. सुरकुती दिसली की सोडायची नाही. पोरं तिला आज्ञामावशी म्हणत, अर्थात पाठीमागे, कारण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी तिच्याच घरी राहायचे, त्यामुळे इतरांना रविवारी भेटणाऱ्या दहा आज्ञा मला रोज सकाळी दात घासल्यापासून भेटत.

फादर वेदीवरून बोलत तेव्हा आज्ञा वाळवंटातल्या कुणा दुसऱ्याच लोकांसाठी असाव्यात असं वाटायचं. मावशी सरळ आमच्या दप्तरात हात घालायची. खून करू नकोस, ही आज्ञा आली तेव्हा आम्ही निवांत होतो. मग तिनं विचारलं, वर्गातल्या जाड्या मुलाला काल कोण कोण हसलं, आणि तो आज का आला नाही. आमची तोंडं उतरली. चोरीची आज्ञा तिनं दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेल्या गणितांना लावली, आईवडिलांचा मान राखायची धाडकन आपटलेल्या दाराला, आणि लोभाची मैत्रिणीच्या नव्या बुटांवरून न हलणाऱ्या नजरेला. सहावी, व्यभिचाराची, शिकवताना मात्र ती खिडकीकडे बघून बोलायची आणि आम्ही जमिनीकडे बघून ऐकायचो.

त्या वर्षी आमचा दृढीकरणाचा संस्कार, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करायचा विधी, व्हायचा होता, म्हणून तिनं नवीन टूम काढली. प्रत्येक आज्ञा एक आठवडा अंगात घालून वावरायचं आणि पुढच्या रविवारी उभं राहून सांगायचं, ती कुठे उसवली.

लॉण्ड्रीतही तिचा एक नियम होता. कपडा धुवायला जाण्याआधी ती प्रत्येक खिसा उलटा करून बघायची, आणि जे निघेल ते पाकिटात घालून, कपडा धुऊन आला की पावतीच्या चिठ्ठीबरोबर त्यालाच टाचायची. सिनेमाची तिकिटं, औषधाच्या गोळ्या, कुणाच्या तरी नावानं अर्धवट लिहिलेली माफी, काय काय निघायचं. नवऱ्याच्या कोटातलं पाकीट बायकोच्या हातात द्यायची नाही. ज्याचं त्यालाच. घरी आल्यावर मी खोदून खोदून विचारायचे, तर म्हणायची, "आज खूप चुणीदार झगे होते." अख्ख्या गावाची गुपितं तिच्या टेबलावरून गेली, पण तिच्या तोंडातून एक बाहेर पडलं नाही. हे तिला कधी धर्माचं काम वाटलंच नाही. ती त्याला धंद्याची रीत म्हणायची.

आमच्या वर्गात दोन जिवलग मैत्रिणी होत्या. एक उंच, तिला सगळे लांबडी म्हणत. दुसरी जाड भिंगांची, ती ढापणी. लांबडीची आई घर सोडून गेली होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. बापानं पोरीला बजावलं होतं, तिचं नाव या घरात काढायचं नाही आणि तिला भेटायचं तर मुळीच नाही. लांबडी दर गुरुवारी शिकवणीला म्हणून निघायची आणि बसनं आईकडे जायची. तिच्या शाळेच्या कोटाच्या खिशातून एकदा पासपोर्टच्या मापाचा फोटो निघाला. त्यात मायलेकींची दोन डोकी कशीबशी कोंबलेली, दोघी हसू दाबताहेत. मावशीनं तो पाकिटात घातला आणि लांबडी स्वतः कपडे न्यायला आली तेव्हा तिच्या हातात दिला. हेही मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

मग आठव्या आज्ञेचा आठवडा आला. खोटी साक्ष देऊ नकोस. मावशी म्हणाली, आठवडाभर एकही खोटं नाही, आईशी नाही, मास्तरांशी नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. ती शिकवायची त्या पुस्तकात या आज्ञेचं आणखी एक पान होतं. दुसऱ्याचं गुपित किंवा दोष खरा असला तरी कारणावाचून उघडा करणं हेही पापच, असं त्यात लिहिलं होतं. पण त्या पानापर्यंत पोचेतो दरवर्षी घंटा व्हायची, आणि त्याही वर्षी झाली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ढापणी लॉण्ड्रीत आली. मी तिथेच घड्या घालत होते. गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि मावशीच्या हाताखाली एका वकिलाची कडक कॉलर होती. ढापणीनं चष्मा वर सरकवत विचारलं, "मावशी, कुणी आपल्याला दुसऱ्याबद्दल विचारलं तर?"

मावशीनं मान वर केली नाही. "विचारलं तर खरं सांगायचं. पुढचं देव बघेल."

ढापणी थोडी घुटमळली, मग गेली. आणखी एक प्रश्न तिच्या ओठांवर होता हे मला दिसलं होतं. मावशीला दिसलं नाही, कारण कॉलरचं टोक दुमडत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी लांबडीच्या बापानं ढापणीला गाठलं आणि विचारलं, माझी पोरगी गुरुवारी कुठे जाते. ढापणीनं खरं सांगितलं. कारखाना सांगितला, बसस्टॉपही सांगितला.

रविवारी लांबडीची जागा रिकामी होती. ढापणी उभी राहिली आणि म्हणाली, "मी आठवडाभर एकदाही खोटं बोलले नाही." एवढंच म्हणून तिनं चष्मा काढला आणि रडायला लागली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लांबडीला दूर आत्याकडे पाठवणार होते, शाळाही तिकडचीच. ती आता ढापणीकडे बघायलाही तयार नव्हती. मावशी खुर्चीवर बसली. वर्गात तिला बसलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. ढापणीला जवळ घ्यावं हेसुद्धा तिला सुचलं नाही, ते मी केलं, आणि मनातल्या मनात मावशीचा फार राग आला.

घरी आल्यावर ती जेवली नाही. मला म्हणाली, "मला माहीत होतं गं. फोटो माझ्या हातातून गेला होता. मी जन्मभर तोंड मिटून राहिले आणि पोरांना मात्र तेवढंच शिकवायचं विसरले." मी म्हटलं, तू मुद्दाम केलं नाहीस. त्यावर ती चिडलीच. मुद्दाम न केलेल्याचीच तिला जास्त लाज वाटत होती. तिच्या मते मुद्दाम केलेलं पाप माणूस निदान डोळे उघडे ठेवून तरी करतो.

पापनिवेदनाला जाऊन आली, पण मनावरचा भार उतरला नव्हता. फादरांनी क्षमा दिली होती आणि वर सांगितलं होतं की क्षमा वेगळी, नुकसान भरून द्यायचं ते वेगळं. "आता हे कसं भरायचं ते मात्र सांगितलं नाही," असं म्हणून तिनं चपला कोपऱ्यात भिरकावल्या.

बुधवारी लांबडीचा बाप कपडे न्यायला आला. मागे लांबडी उभी होती, खांदे पाडून, एरवीपेक्षा बुटकी दिसत होती. बाप वाईट माणूस नव्हता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, त्याचंही आत काहीतरी मोडलेलं होतं. त्यानं हात जोडून मावशीचे आभार मानले. म्हणाला, तुमच्या शिकवणीमुळे एक तरी पोर खरं बोललं, नाहीतर मी आंधळाच राहिलो असतो. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "हिच्या खिशात कधी काही सापडलं का हो?"

लांबडीनं डोळे मिटले. मी हातातला टॉवेल तसाच धरून राहिले. मावशीनं इस्त्री उचलून स्टँडवर ठेवली, बटण बंद केलं आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

"खिशातलं मी कुणालाच सांगत नाही. तुमच्या खिशातलंही कुणाला सांगितलं नाही कधी."

बापाचा हात आपसूक खिशाकडे गेला. स्वतःच्या खिशात कधी काय राहिलं असेल ते आठवत असावा. त्यानं गठ्ठा उचलला आणि स्कूटरला बांधायला बाहेर गेला. किती सोपं होतं ते. खोटंही नव्हतं आणि चहाडीही नव्हती. ढापणीला द्यायला हवं होतं ते हेच एक वाक्य, आणि ते इतकी वर्षं मावशीकडे पडून होतं.

लांबडी टेबलावर वाकली. वाटलं, आता ही मावशीला काहीतरी लागेल असं बोलणार. पण ती म्हणाली, "उद्या गुरुवार आहे. आई कारखान्याजवळच्या स्टॉपवर थांबेल. मी येणार नाही, एवढं सांगाल का तिला?"

मावशीनं मान डोलावली. बाहेर हॉर्न वाजला आणि ती गेली.

गुरुवारी मावशीनं लॉण्ड्री अर्ध्या दिवसानं बंद केली. मीही सोबत गेले. स्टॉपवर एक बाई बाकावर बसली होती, केसांना कारखान्यातल्या दोऱ्यांचे तुकडे अडकलेले, मांडीवर एक पिशवी, आणि येणाऱ्या प्रत्येक बसचं दार उघडलं की ती अर्धी उठायची. आम्ही मागून चालत गेलो. मावशी तिच्या शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. आत्याचं, शाळेचं, उद्याच्या गाडीचं.

बाईनं एकच विचारलं. "कुणी सांगितलं त्यांना?"

"एका पोरीनं, माझं ऐकून," मावशी म्हणाली. "तिचं नाव मी सांगणार नाही. दोष द्यायचा तर माझं नाव धरा."

बाईनं मांडीवरची पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाली, "घर सोडायच्या आधी माझे कपडे तुमच्याकडेच यायचे. माझ्या खिशातलं काय काय तुम्ही बघितलं असेल. एक शब्द कुठे गेला नाही." ती हे चांगल्या मनानं म्हणाली की टोचून, ते मला आजही ठरवता येत नाही. पुढची बस आली. दार उघडलं तेव्हा सगळं कळूनही ती अर्धी उठली. मावशीनं तोंड फिरवलं.

त्या रविवारी मावशीनं पहिल्याच मिनिटाला ते राहिलेलं पान उघडलं. खरं असतं ते सगळंच आपलं सांगायचं नसतं, विचारणाऱ्याला सरळ म्हणायचं की हे मी सांगणार नाही, तिलाच विचारा, असं तिनं समजावून सांगितलं. कधी नव्हे ते तिचा आवाज बारीक होता. ढापणीनं हात वर केला.

"हे मी विचारलं त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

मावशीला घंटेवर ढकलता आलं असतं, गिऱ्हाइकांवर ढकलता आलं असतं, आणि दोन्ही खोटं ठरलं नसतं.

"कारण तू विचारत होतीस," ती म्हणाली, "आणि मी कॉलरकडे बघत होते."

ढापणीनं हात खाली घेतला. त्यानंतर लॉण्ड्रीत कुणी पोर काही विचारायला आलं की मावशी आधी इस्त्री बंद करायची. कधी कधी पोर फक्त किती वाजले एवढंच विचारायला आलेलं असायचं.