हानोक वाचायचे ते पान

मिलकाबाई चेऊलकर दौंडच्या रेल्वे दवाखान्यात नर्स होत्या. गावात बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू लोकांचं, त्यांचं एवढं एकच घर उरलं होतं. त्यांचे पती हानोक रेल्वेत गार्ड होते. दर शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विसाव्याचे, दिवे लागले की जेवणाआधी ते हिब्रूतलं एक पान मोठ्यानं वाचत. मिलकाबाईंना त्यातलं काहीच कळत नसे. "आटपा हो, कालवण गार होतंय," त्या म्हणत. हानोक हसून पुढे वाचत राहत.

हानोक गेल्यावर ते पान वाचणारं कुणी राहिलं नाही, आणि त्यांच्या जाड हिब्रू पोथीतलं ते नेमकं कोणतं, हेही मिलकाबाईंना ठाऊक नव्हतं. मग बासष्टाव्या वर्षी मिलकाबाई हिब्रू शिकल्या. पुढे पुण्यातल्या एका सिनेगॉगनं धर्मग्रंथांच्या उच्च अभ्यासासाठी त्यांना शिष्यवृत्ती दिली. दर रविवारी त्या गाडीनं वर्गाला जाऊ लागल्या.

एका रविवारी गुरुजींनी नवा उतारा वाचायला घेतला, आणि पहिल्याच ओळीला मिलकाबाईंनी तो ओळखला: हानोक वाचायचे तेच पान. गुणी बायको रत्नांहून मोलाची, असा त्या ओळीचा अर्थ निघाला.

"शब्बाथ लागला की नवरा हे बायकोसाठी म्हणतो," गुरुजी म्हणाले.

मिलकाबाई वहीवर डोकं टेकून रडल्या.

घरी आल्यावर त्यांनी शेजारच्या बानूबाईंना सगळं सांगितलं.

"आन् त्यांनी तुमाला कवाच सांगितलं न्हाई?"

"मी कधी विचारलंच नाही, बानूबाई."

पुढच्या रविवारी त्या वर्गाला गेल्या नाहीत. त्यानंतरच्या रविवारी मात्र गेल्या. उताऱ्यात बावीस वचनं होती, आणि मिलकाबाईंची अजून चारच शिकून झाली होती.