चंद्रशिलेच्या धुक्यातली टाळी

गेल्या वर्षी माझ्या गळ्यातली गाठ काढली आणि गाठीबरोबर माझा आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, कदाचित परत येईल, वाट पाहा. नऊ महिने वाट पाहिली. तोंडातून नुसती हवा यायची, फार तर कुजबुज. मेडशीच्या आमच्या महिला भजनी मंडळात वीस वर्षं मी पुढे बसून म्हणायचे आणि बाकीच्या मागून ओढायच्या. ते सगळं थांबलं. खरं सांगायचं तर मी देवावर रुसले होते. संध्याकाळी यजमान दिवा लावायला उठले की मी मुद्दाम तूर निवडायला घ्यायचे. ज्यानं दिलं त्यानंच नेलं, मग त्याला हात कशाला जोडायचे, असं मनात यायचं. तसं मनात येतं म्हणून रडूही यायचं.

चैत्रात माझी मोठी नणंद, रिसोडची अक्का, घरी आली. तिचा जावई डेहराडूनला नोकरीला. ती लेकीकडे निघाली होती आणि तिथून तिला हिमालयातल्या तुंगनाथाला जायचं होतं. मला म्हणाली, "वयनी, मले बरफ पाह्यचा हाय. तू चाल संगं. इथी बसून कोनाची वाट पाहून राह्यली तू?" मी मानेनं नाही म्हटलं. तिनं ऐकलंच नाही, माझ्या साड्या तिच्या पिशवीत भरल्या.

जावयानं तुंगनाथाच्या पायथ्याशी, चोपत्यापर्यंत गाडी करून दिली. सकाळचं लख्ख ऊन होतं. तिथे बुटांच्या दुकानातून आम्ही गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि लोकरीचे हातमोजे भाड्यानं घेतले. अक्कानं जावयाची पॅन्ट चढवून वरून लुगडं खोचलेलं. बासष्ट वर्षांची बाई, पण चालणं तुरुतुरु. थोडं चढलो आणि झाडांखाली बर्फ सुरू झाला. वर गेलो तशी सगळी उतरणच पांढरी. अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "व माय! एवढा कापूस येचाले किती बाया लागतीन व!" मग तिनं मूठभर बर्फ उचलून तोंडात टाकला. मला हसू आलं. गेल्या कित्येक महिन्यांत असं पोटातून हसले नव्हते; आवाज नव्हताच, नुसते खांदे हलत होते. पुढे एका जागी ती घसरून बसली आणि बसल्या बसल्या वीसेक हात खाली गेली, वर पुन्हा एकदा जाऊ का म्हणून विचारते!

तुंगनाथाच्या देवळाशी पोचलो तर दरवाजे बंद. हिवाळ्यात देव खाली नेतात, अजून वर आणले नव्हते. हे आम्हाला आधीच सांगितलं होतं, तरी ते कुलूप पाहून माझं मन खट्टू झालं. इतक्या लांब येऊन इथेही माझ्यासाठी दार बंदच, असं वाटलं. अक्कानं उंबऱ्यावरचा बर्फ हातानं झाडला, डोकं टेकवलं आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "दार लावेल असलं म्हून देव घरी नसते काय? चाल वर."

चंद्रशिला हे त्याच्याही वरचं शिखर. शेवटचा चढ उभा आणि बर्फ घोट्याच्या वर. पुढे गेलेली माणसं ठिपक्यांसारखी दिसत होती. अर्ध्यावर अक्काच्या बुटात बर्फ गेला. ती म्हणाली, "तू हो पुढं, मी आलीच." मी शंभरेक पावलं चढले असेन आणि एकाएकी धुकं आलं. खालून वर आलं आणि माझेच पाय मला दिसेनात. थोडा वेळ थांबले. अक्का येईना. मागे उतरले तर ती बसली होती तो दगड सापडला, अक्का नव्हती. तिच्या पावलांच्या खुणा वाटेला सोडून बाजूच्या उताराकडे गेलेल्या. त्या बाजूला कडा आहे, हे वर येताना पाहिलं होतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. हवाच आली. पुन्हा जोर केला, गळा दुखला, हवाच आली. त्या क्षणी देवाला मी जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. मग गुडघ्यांवर बसले आणि मनात एवढंच म्हणाले, माझ्याकडून काही होत नाही, आता तूच पाहा.

धुक्यातून काठीचा आवाज आला. एक म्हातारा पहाडी माणूस वरून उतरत होता, डोक्यावर लोकरी टोपी, दाढी पांढरी. मी गळ्याकडे बोट केलं, पावलांकडे दाखवलं. तो लगेच समजला. त्यानं त्याच्या बोलीत दोनदा मोठ्यानं हाक दिली, पण ती आपल्यासाठी आहे हे अक्काला कसं कळणार! मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "आवाज नहीं है तो क्या हुआ, बहन? हाथ तो हैं। ताली बजाओ।"

मी हातमोजे काढून फेकले आणि टाळी वाजवायला लागले. हात आपोआप आमच्या भजनाच्या ठेक्यावर गेले: तीन सावकाश, दोन जलद. मी सून होऊन आले तेव्हा हा ठेका मला अक्कानंच शिकवला होता. तळवे बधिर झाले तरी थांबले नाही. आणि खालच्या पांढऱ्यातून त्याच ठेक्यात टाळी आली. पाठोपाठ अक्काचा फाटका, खणखणीत आवाज: "हर हर महादेव! वयनी व, वाजवत राह्य, मी येऊन राह्यली!"

म्हातारा काठी टेकत चार पावलं उतरला आणि तिला हाताला धरून वर घेऊन आला. अक्का मला घट्ट बिलगली. "मले वाटलं हाच रस्ता हाय," ती म्हणाली, "मंग तुही टाळी आयकली अन् मांगं फिरली." आम्ही दोघी रडत होतो, हसत होतो. त्यानं आम्हाला वाटेला लावलं, हात जोडले आणि खाली निघून गेला. नाव विचारायचं राहून गेलं.

वर पोचलो तेव्हा धुकं विरलं. चारी बाजूंना पांढरीशुभ्र शिखरं, उन्हानं डोळे दिपत होते. अक्कानं भजन धरलं, मी ठेका धरला. तिथे आलेली कुठली कुठली माणसं, आमची भाषाही न कळणारी, टाळ्या वाजवायला लागली. ओठ माझेही हलत होते. माझं गाणं कुणालाच ऐकू आलं नसेल, पण ते ज्याच्यासाठी होतं त्याच्यापर्यंत पोचलं, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

आवाज अजून कुजबुजीपुरताच आहे. येईल तेव्हा येईल. नऊ महिने मी देवाला काय गेलं ते सांगत होते. माझ्याजवळ काय आहे ते त्यानं त्या माणसाच्या तोंडून मला सांगितलं. त्या बर्फात मी सगळं त्याच्यावर सोडलं, ते नाइलाजानं. आता रोज राजीखुशीनं सोडते, आणि त्यात केवढं सुख आहे! गुरुवारी मंडळात पुन्हा पुढे बसते. परवा ठेका इतका रंगला की शेजारची म्हणाली, "काकू, जरा हळू घ्या व, आमचे हात लाल होऊन राह्यले!" मी हळू काही घेतला नाही.