बाळ्या वयात आला

गल्लीत तिला सगळे आत्याच म्हणत. घरामागच्या गोठ्यात तिच्या चार शेळ्या होत्या आणि बाळ्या नावाचा बोकड. तो जन्मला त्याच दिवशी त्याची आई गेली, म्हणून आत्याने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

पाचव्या महिन्यापासून त्याची लक्षणं बदलली. तो स्वतःच्याच दाढीवर मुतायचा, वरचा ओठ मुडपून नाक हवेत उंच करायचा, शेळ्यांच्या मागे घुरघुरत फिरायचा. वास तर असा, की साडी तीनदा धुतली तरी जाईना. आठव्या महिन्यात शिंगं वीतभर झाली आणि तो माणसांवर धावू लागला.

"हार्मोन चढलेत त्याच्या अंगात," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "त्यातून हातावर वाढलेला. माणसाला तो बिचकत नाही, बरोबरीचा समजतो. खच्ची करून घ्या."

"बघू," आत्या म्हणाली. तिचं मन होईना.

त्याच आठवड्यात, भरदुपारी, गोठ्यात बादली आदळली. आत्या धावली. खुब्याचं ऑपरेशन झालेले तिचे यजमान कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभे होते. काठी लांब पडली होती. बाळ्या चार पावलं मागे सरून पुन्हा धडक द्यायच्या बेतात होता.

"आत येऊ नकोस," ते कसंबसं म्हणाले.

अंगणात एक शेळी सकाळपासून माजावर होती. बाळ्यापासून लांब म्हणून आत्याने तिला बाहेर बांधलं होतं. आत्याने दावं सोडलं आणि तिला गोठ्याच्या दारात आणलं. बाळ्याच्या नाकपुड्या थरथरल्या. त्याने एकदा यजमानांकडे पाहिलं, एकदा शेळीकडे. मग तो वळला. तिने दावं टाकलं, शेळी अंगणात पळाली, बाळ्या तिच्यामागे. आत्याने आत शिरून कडी घातली.

दोघं गोठ्यातल्या गवतावर बसले. यजमान बरगडी चाचपत होते.

"पदराखाली वाढवला हो त्याला," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. म्हणून तर इतके दिवस गप्प बसलो."

संध्याकाळी डॉक्टर खच्ची करायचा चिमटा घेऊन आले. बाळ्याचं डोकं आत्यानेच धरलं.

"लगेच निवळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "काही आठवडे त्याच्याकडे पाठ करू नका."

महिनाभर ती त्याला गोठ्याच्या आडव्या फळीपलीकडूनच चारा टाकत राहिली. हळूहळू वास ओसरला, धडका थांबल्या. पाच महिन्यांनी, त्या दुपारी अंगणात सोडलेल्या शेळीला जुळी करडं झाली, एक नर, एक मादी. नराला आत्याने आईपाशीच पिऊ दिलं आणि तिसरा महिना संपताच, वयात येण्याआधीच, कोणी न सांगता, शेळ्यांपासून वेगळं बांधलं.