फाटकावरचे सवाल

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. माझ्या पुतणीला मी एकदा पट्टीनं मारलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, ‘बाबांना सांगायचं नाही’ असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. मुक्ता तेव्हा आठ वर्षांची होती.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, भास्कर. वाळूजच्या एका कारखान्यात फिटर. पत्र्यावर खुणा करायचा खडू कायम खिशात, त्यामुळे त्याच्या प्रत्येक शर्टाचा खिसा पांढरट. मुक्ताला त्यानं शाळेत घातलंच नाही. “शिकू दे की घरीच. घाई कुणाला हाय?” एवढंच म्हणाला. वहिनीनं महिनाभर अबोला धरला, मग तीच त्याच्याहून पक्की झाली.

मुक्तानं काही विचारलं की दादा उत्तर द्यायचा नाही. “मला नाय माहीत. चल, बघू,” म्हणायचा आणि बजाजनगरातल्या त्याच्या घराच्या लोखंडी फाटकावर, रस्त्याच्या बाजूनं, तो सवाल खडूनं लिहायचा. ‘कांदा चिरताना रडू का येतं?’ उत्तर सापडेपर्यंत पुसायचा नाही. भाजीवाले सलीमचाचा गाडा थांबवून म्हणाले, “भास्करभाई, इसका जवाब मेरे पास है. पण पहले दो किलो कांदे लो.” दादानं घेतले. पिशवी हातात देऊन चाचा म्हणाले, “तीस साल झाले कांदा विकतो. मालूम मलाबी नाय.” मग तिघं ओट्यावर बसून कांदे चिरत राहिले. एक पाण्यात बुडवून, एक फ्रिजमधला, एक तसाच. वाचायला मुक्ता त्या फाटकावरच शिकली.

मी चिकलठाण्याकडच्या एका शाळेत गणित शिकवतो. स्टाफरूममध्ये टोमणे असायचे, “सर, दुसऱ्यांच्या लेकरांना पाढे, अन् घरची पुतणी फाटकावर?” मी हसून घ्यायचो. खरं सांगायचं तर लाज कमी होती, हेवा जास्त. माझ्या वर्गात साठ मुलं, आणि ‘का’ असं कुणी विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

वहिनीच्या आईचं ऑपरेशन निघालं. दादा-वहिनी जालन्याला गेले आणि आठ दिवस मुक्ता आमच्याकडं राहिली. मला सुट्टी होती, बायको दिवसभर कामावर. ठरवलं, पाढे पाठ करून घेऊ आणि दादाला दाखवूच. तिसऱ्या दिवशी मुक्ता म्हणाली, “काका, सातचाच पाढा एवढा अवघड का?” सवाल चांगला होता, हे मला तेव्हाही कळलं. उत्तर येत नव्हतं. मी तिच्या तळहातावर पट्टी मारली. “प्रश्न मी विचारणार. तू फक्त उत्तर द्यायचं.”

पुढचे पाच दिवस तिनं फक्त उत्तरं दिली.

दादा आला. तिनं बारापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणून दाखवले. दादानं ऐकून घेतलं. “आन् सवाल?”

“नाही पडले.”

महिना गेला, दुसरा गेला. फाटक कोरंच. “दुकान बंद क्या, भास्करभाई?” चाचा विचारायचे. दादा खचला. “माझंच चुकलं रे, लेकराला सोडून गेलो,” असं मला म्हणाला, शाळेचा प्रवेश अर्ज आणला आणि माझ्याकडंच भरायला दिला. मी भरला.

अर्ज द्यायला निघताना फाटकाशी तो थांबला. “तिला नाय पडत तर नाय. मला पडतात की,” म्हणाला आणि खडू काढून लिहिलं, ‘लोखंडाचा वास हाताला का राहतो?’ खाली सही केली, ‘मला माहीत नाही, भास्कर.’ अर्ज खिशातच राहिला. मग रोज त्याचाच एक सवाल आणि तीच सही.

एका रविवारी आम्ही तिघं पाणचक्कीला गेलो. पाणी उंचावरून हौदात कोसळत होतं. मुक्ता किती तरी वेळ बघत उभी राहिली. ओठ हलले, मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि गप्प झाली. मी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादाचा फोन. “आला रे! लई भारी सवाल हाय! खाली, तिच्या उंचीवर लिहिलाय.” ‘मोटर नाही, मग पाणी वर कसं चढलं?’ त्या एका सवालापायी पुढं चार महिने घरात नळ्या, बादल्या आणि ओल्या भिंती होत्या.

मुक्ता आता वीस वर्षांची आहे. दहावीला बाहेरून बसली, सध्या स्थापत्याची पदविका करते आणि सुट्टीत शहरातल्या जुन्या, जमिनीखालून पाणी आणणाऱ्या नहरी मोजत हिंडते. माझ्या वर्गातही मागच्या भिंतीवर एक कोरा फळा आहे, मुलांच्या सवालांसाठी. त्यावर पहिल्यांदा ‘मला माहीत नाही’ लिहून सही केली, तेव्हा मुलं वाचायच्या आत पुसून टाकली होती. आता नाही पुसत.

दादा गेल्या हिवाळ्यात गेला. दवाखान्यात म्हणाला, “पोरीचं समदं नीट झालं. तेवढे आठ दिवस सोडून जायला नको होतं.” मी त्याचे पाय चेपत होतो. चेपतच राहिलो.

त्याला सांगायचं राहिलं ते राहिलंच. मुक्तानं मात्र माझी ताकीद बारा वर्षं पाळली आहे. हे छापून येण्याआधी तिला समोर बसवून सांगायचं आहे की चूक तिच्या बाबांची नव्हती, माझी होती, आणि ते गुपित तिनं आता सांभाळायचं नाही. एवढं मी तिचं देणं लागतो.