गिअरबॉक्सचं नाक

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. छप्पन साली वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हाच आमच्या घरातले अंगारे-धुपारे उंबऱ्याबाहेर गेले. त्यात मी पडलो मेकॅनिक. ऑइल गळतंय म्हणजे कुठंतरी फट आहे – एवढंच माझं अध्यात्म! तरीही हे लिहितोय, कारण पन्नास वर्षं झाली, मला त्या दुपारचा उलगडा झालेला नाही.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. भूमला एका सहकारी संस्थेच्या गॅरेजमध्ये मी कामाला होतो. संस्थेचा एकुलता एक पाण्याचा टँकर बारा मैलांवरच्या एका गावात बंद पडला, तोही रिकामा. गिअरबॉक्सच्या बाजूच्या झाकणातून ऑइल गळत होतं. गावातले आड कोरडेठाक, आणि टँकर जिथं भरायचा ती विहीर आठ मैल लांब. मी एसटीनं पोचलो तेव्हा दोन दिवस गावाला पाणी नव्हतं. बायका नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं गढूळ पाणी भरत होत्या. ड्रायव्हर भानुदास टँकरच्या सावलीत डोकं धरून बसला होता.

"पॅकिंग गेलंय. बदलतो अन् निघू," मी रुबाबात म्हणालो. झाकणावर जाड कागद ठेवायचा, कडेकडेनं हातोडीचे हलके ठोके द्यायचे, कागद झाकणाच्या मापानं कापला जातो – आमच्या उस्तादांची पद्धत. पॅकिंग बसवलं, ऑइल भरलं, टँकर माळापर्यंत फिरवून आणला. गळती तशीच! दुसरं पॅकिंग कापलं, दोन्ही अंगांना शेलॅक, म्हणजे लाखेचं चिकट रोगण लावलं, बोल्ट समोरासमोरचे धरून सारखे आवळले. पुन्हा माळ... पुन्हा त्याच जागी धार. झाकण वाकलंय म्हणावं, तर पॅकिंग बदलतानाच काचेवर ठेवून पाहिलं होतं, सरळ होतं. मी चिडून पाना फेकला.

आता ऑइलचा शेवटचा डबा उरला होता. तो गळाला असता तर भूमला जाऊन, ऑइल मिळालं तर परत, म्हणजे आणखी दोन दिवस. भोवती चाळीस-पन्नास माणसं घागरी घेऊन बसलेली, माझ्या हातांकडं बघत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात लिंबाखालून गावातल्या गोदाआज्जी बोलल्या. लहानपणी देवीच्या साथीत त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. टँकरपासून वीसेक पावलांवर त्या सकाळपासून बसून होत्या, जागच्या हलल्या नव्हत्या.

"लेकरा, तिचा जीव गुदमरतोय. नाकात शेंदूर बसलाय तिच्या."

"आज्जी, गाडीला कुठं नाक असतं व्हय?" मी वैतागून म्हणालो. माणसं हसली.

"मला काय ठावं? वरच्या अंगाला पितळंचं बारकं नाक हाय. शेंदूर काढ त्याचा."

आणि माझी ट्यूब पेटली. गिअरबॉक्सला नाक असतं! माथ्यावर पितळेचा छोटा ब्रीदर असतो. आतली हवा तापून फुगली की तिथून बाहेर पडते. तो बुजला तर हवा पॅकिंगमधून ऑइल ढकलणारच. आणि मी शहाणा सकाळपासून खालीच डोकं घालून बसलो होतो... केबिनमध्ये शिरून पायाखालचा पत्रा काढला. ब्रीदरवर शेंदराचा हा एवढा थर, तेल-धूळ खाऊन दगड झालेला.

भानुदास ओशाळला. "म्याच फासला, मिस्त्री. खंडेनवमीला गाडी पुजली तवा. ते टोक दिसलं, म्हटलं गाडीचं डोस्कं हेच आसंल."

"इथं कुणाला बोलला होतात?"

"आयशप्पत, कुणालाच न्हाय. तवा गाडी भूमलाच हुती की."

शेंदूर खरवडला, तारेनं भोक मोकळं केलं. फुस्स करून गरम हवा माझ्या तोंडावर आली. पॅकिंगचा कागद संपला होता, तर शाळेच्या मास्तरांनी जुन्या हजेरीपटाचा पुठ्ठा फाडून दिला. तिसरं पॅकिंग बसवलं, शेवटचा डबा ओतला, माळापर्यंत गेलो, आलो. झाकणाखाली हात फिरवला... कोरडा! मी चक्क नाचलो. भानुदास तसाच विहिरीकडं निघाला आणि दिवस मावळायच्या आत हॉर्न वाजवत भरला टँकर घेऊन आला. पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळं गाव ओरडत होतं. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नाही, बायको माफ करो!

मी गोदाआज्जींना गाठलं. "शेंदराचं तुम्हाला कसं कळलं?"

"आता? तूच की वराडला मघा. म्या ऐकलं तेच सांगितलं."

मी ओरडलो नव्हतो. जे मला माहीतच नव्हतं, ते मी ओरडणार कसा? भोवतालच्या कुणीच काही ऐकलं नव्हतं. पुढं डॉक्टरांना विचारलं, आमच्या विहारातल्या भन्तेंना विचारलं. उत्तर मिळालं नाही.

त्या संध्याकाळी गावानं पाण्याचा पहिला तांब्या आज्जींना दिला. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. त्या काळी आमच्या माणसांनी ओंजळ धरायची आणि पाणी वरून ओतायचं, ही तिथली रीत. कुणीतरी कुजबुजलं, "आज्जी, त्यो मिस्त्री..."

"ठावं हाय मला," आज्जी म्हणाल्या. "तोंड लावून पी, लेकरा."

आणि सगळ्या गावासमोर, तांब्याला तोंड लावून, मी तो शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला.