कावळा शिवला

श्रीमंत, मालनबाईचा नवरा, गेला तेव्हा ती रडली नाही, आणि भावकीत त्याचीच चर्चा झाली. रडणार कशाला? जन्मभर त्या माणसाने तिला धड दोन घास सुखाने खाऊ दिले नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं की ताट अंगणात. टेम्पो चालवून दमलो म्हणायचा, पण दमलेला हात तिच्या पाठीत बरोबर बसायचा. आता तिचे डोळे गेल्यातच जमा होते. उरलेले दिवस धाकट्या मुलाकडे, छगनकडे केडगावला, नात ज्ञानेश्वरीच्या सोबतीने काढावेत, एवढंच तिला हवं होतं.

दहाव्याला सगळे नगरला सीनाकाठी आले. पूर्वी इथे वेड्या बाभळी नि उकिरडा. आता बाग झालीय, चालायला ट्रॅक झालाय, आणि दहाव्याचा घाट एका कोपऱ्यात ढकललाय. नदीत पाणी घोटाभर, तेही हिरवं. फिरायला येणारी मंडळी पुण्य लागावं म्हणून कठड्यावर कावळ्यांना शेव, फरसाण, पाव टाकतात. कावळे असे माजलेत की सोय नाही. त्यांना भाताच्या गोळ्याचं काय अप्रूप?

कठड्याखाली पिंड ठेवला. कावळे कठड्यावरून नुसते बघत राहिले. ऊन चढलं, पाहुणे चुळबुळायला लागले.

"त्याची काय तरी इच्छा ऱ्हायलीय," श्रीमंतची थोरली बहीण दगडाबाई म्हणाली. "बोला रं पोरांनो."

थोरला वाल्मिक हात जोडून पुढे झाला. "आण्णा, तुमचा टेम्पो इकनार न्हाई." कावळा हलला नाही.

मग छगन म्हणाला, "आण्णा, आईची काळजी करू नका. ती माझ्याकडं ऱ्हाईल."

मालनबाईचा जीव भांड्यात पडला. चार माणसांत बोलला होता पोरगा. पण कावळे ढिम्म.

"त्याला ते पसंत न्हाई," दगडाबाईने निकाल दिला. "वस्तीवरचं घर बंद पडू नये, आसं त्याला लई वाटायचं. मालननं तिथं ऱ्हावं, दिवा लावावा."

श्रीगोंद्याकडची ती वस्ती म्हणजे हाकेच्या अंतरावर माणूस नाही.

"वन्सं, मला दिसत न्हाई वो," मालनबाई म्हणाली. ऐकतो कोण? सगळ्यांना घरी जायची घाई.

वाल्मिकने पुन्हा हात जोडले. "आण्णा, आई वस्तीवर ऱ्हाईल. घर बंद पडू देनार न्हाई."

तेवढ्यात ट्रॅकवरून जाणाऱ्या एका बाईने पिशवीतला फरसाणाचा चुरा कठड्याखाली झटकला. कावळ्यांची झुंबड उडाली, आणि त्या झटापटीत एकाने पिंडाला चोच मारली.

"शिवला," दगडाबाई म्हणाली. लोक उठून चपला शोधू लागले. कावळ्याने दिलेला कौल कोण मोडणार?

मालनबाईने चाचपडत छगनचा हात धरला. "खरंच शिवला का रं?"

छगनने ती बाई पाहिली होती, पिशवीही पाहिली होती.

"व्हय आई," तो म्हणाला. "आण्णांचीच मर्जी." आणि सुटलो बुवा, असा एक श्वास त्याने सोडला. तो तिला स्पष्ट ऐकू आला.