गयाच्या बोअरचं पाणी

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याला अर्धं ठाऊक होतं, तो गेला. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं बोलते. माझी शाळा चौथीपर्यंत, लिहायला वेळ लागतो. आणि बोलायचं म्हटलं तर चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही — म्हणूनच जमेल असं वाटतं.

आधी पाण्याचं सांगते. नाही — आधी खड्ड्याचं सांगायला हवं.

माजलगावकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचा सहकारी संघ होता. पुढं कचेरी, मागं खताचं आणि फवारणीच्या औषधांचं गोदाम. नवरा तिथं राखणदार, मी गोदामाची झाडलोट करायची. गया पुढची कचेरी झाडायची. ती बौद्धवाड्यातली. दुपारी आम्ही दोघी लिंबाखाली भाकरी सोडायचो. कचेरीतल्या माठाला तिनं हात लावलेला लोकांना चालत नसे. तोंडानं कुणी म्हणायचं नाही, पण ती आली की माठ आत सरकवलेला असायचा. म्हणून ती घरून तांब्या भरून आणायची. त्या तांब्यातलं पाणी पिणारी संघात मी एकटी होते. मोठेपणा म्हणून नव्हे. तहान लागायची, आणि ती मला आपली वाटायची. एकदा एका बाईनं मला टोकलं, तर गयाच म्हणाली, "पिऊ द्या की वो. बाटलंच तर माझं पानी बाटंल, तुमचं काय जातंय?"

मग दुष्काळ पडला, आणि काही वर्षं उठलाच नाही. कापूस उगवलाच नाही तर फवारणार कोण? औषधं गोदामात पडून राहिली. डबे गंजले, तळातून पाझरायला लागले. पावडरीची पोती फाटली. साहेब म्हणाले, मागं मुरूम काढलेला खड्डा आहे, त्यात टाका आणि बुजवून घ्या. गया तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. मी आणि नवऱ्यानं ते सगळं वाहिलं, मी डोक्यावरून. लसणासारखा उग्र वास. कितीतरी दिवस हातांचा गेला नाही, भाकरीला यायचा.

"कुठं बोलायचं न्हाई," नवरा म्हणाला.

मी कुठं बोलणारी होते?

खड्ड्यावर माती पडली. त्या जागेवर पुढं गाजरगवतसुद्धा उगवलं नाही, आणि गाजरगवत तर दगडावरही येतं. पण सगळंच रान उघडं पडलेलं — त्यात एका उघड्या तुकड्याकडं कोण बघणार?

संघ बुडाला. नवरा वारला. गोदामाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत मी राहत होते, ती आज पाडतील की उद्या, असं चाललं होतं. मुलगा कामाला लांब, त्याचंच भाड्याचं घर एका खोलीचं. अशात बातमी आली, मागची जमीन कामगारांच्या गृहनिर्माण संस्थेला मिळणार. घर! माझ्या नावाचं, सिमेंटचं. मी त्या दिवशी जेवले नाही, इतकं पोट भरलं होतं.

माती तपासा, असं म्हणाली ती गयाच. बैठकीत सगळ्या पुरुषांपुढं उभी राहून. "औषदाचं गोदाम हुतं हितं. आदी माती तपासून घ्या, मंग नकाशा काढा."

संस्थेचे चेअरमन, त्यांना सगळे अण्णा म्हणत, हसले. "गयाबाई, तुमाला घर बांधायचंय का दवाखाना?"

"दवाखाना लागू नई म्हनूनच म्हन्ते, अण्णा."

ती हटली नाही. शेवटी शहरातून एक तपासणारा आला. तरुण होता, घामानं भिजलेला. जमिनीत फिरवून खालची माती वर काढायचं लोखंडी हत्यार त्याच्याकडं होतं. तो म्हणाला, सगळी जमीन काही उकरता येत नाही. आधी जुन्या माणसाला विचारतो आम्ही — औषध कुठं ठेवायचे, कुठं सांडलं होतं, कुठं पुरलं होतं. त्यावरून जागा ठरते. सांगणाऱ्यावर सगळं असतं.

सगळे माझ्याकडं वळले.

"आमच्या अक्काला इचारा," गया म्हणाली. "ती खोटं बोलायची न्हाई. ती बोलतच न्हाई!"

माणसं हसली. मीही पदराआड हसले. मग हात वर केला आणि लिंबाकडं बोट दाखवलं. तिथं नुसत्या खताच्या गोण्या असायच्या.

"तिथं?" तपासणाऱ्यानं विचारलं. मी मान हलवली.

"आणि मागं, त्या मुरमाकडं काही?"

मी मान आडवी हलवली.

एवढंच. एक शब्द नाही. खोटं बोलायला शब्द लागतातच असं नाही. तो लिंबाखाली बसला, माती काढली, हुंगली, पिशव्यांत भरली. त्याची काय चूक? काही दिवसांनी कळलं, माती चांगली आहे.

तुम्ही म्हणाल, बाई लाजाळू, एवढ्या पुरुषांपुढं घाबरली असेल. नाही. मी घाबरले नव्हते. मला घर हवं होतं. खड्डा निघाला असता तर जमीन गेली असती, किंवा वर्षं गेली असती, आणि सगळ्यांनी माझ्या नवऱ्याच्या नावानं बोटं मोडली असती. हे सगळं त्या एका क्षणात मी नीट मोजलं होतं.

प्लॉटच्या चिठ्ठ्या निघाल्या. मी मनात म्हणत होते, तो तुकडा रस्त्यात जावो, मोकळ्या जागेत जावो. तो गयाला आला. माझा तिच्या शेजारचा. आणि मला काय वाटलं ते सांगू? हायसं वाटलं. मला आला नाही म्हणून. ती धावत आली, माझे दोन्ही हात धरले. "अक्का, भिंतीला भिंत लागली आपली!"

तेव्हाही सांगता आलं असतं. पाया खोदायच्या आधी, जोतं भरायच्या आधी. ती मला विटा मोजायला बोलवायची. मी जाऊन विटा मोजायची.

पुढं पुन्हा दुष्काळ आला. नळ कोरडे, कॉलनीतले बोअर कोरडे. गयाच्या मुलानं दारात बोअर घेतला आणि त्याला पाणी लागलं. अंगठ्याएवढी धार, पण थांबेना. गया दारात उभी राहून सगळ्यांच्या घागरी भरून द्यायची. "आमच्या लोकांना पान्यासाठी तळ्यावर चालत जावं लागलं हुतं," ती हसून म्हणायची, "आता समद्या कॉलनीला आमच्या दारी यावं लागतं." अण्णांची म्हातारी आई, जी आयुष्यभर कुणाच्या हातचं प्यायली नाही, ती तिथं उभ्यानं ओंजळीनं पाणी प्यायली. सगळ्यांनी पाहिलं.

मी टँकरच्या रांगेत उभी राहायची.

ऊन तापलं की भिंतीपलीकडच्या हंड्यातून वास यायचा. लोक म्हणत, नवा बोअर आहे, गाळाचा वास असेल. मला तो वास ठाऊक होता.

एका दुपारी गया माझ्या दारात आली. हातात तांब्या. तोच, जुना, काठाला पोचा पडलेला. भरलेला होता.

"घे," ती म्हणाली. "पी."

मी तो हातात घेतला. आणि खाली ठेवला.

"कावून? त्या वक्ताला पीत हुतीस. समदे टोकायचे तरी पीत हुतीस. आता सोताचं घर झालं, आता बाटतीस व्हय?" तिचा आवाज चढला नव्हता. "अण्णाची म्हातारी पिती, अक्का. तू न्हाई. तुझ्या मनात बी तेच हुतं का गं इतकी वर्सं?"

ती वाट पाहत राहिली. तिला फक्त 'नाही' ऐकायचं होतं. आणि 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग का?

मी मान खाली घातली. कबूल केल्यासारखी.

जातीचा डाग मी अंगाला लावून घेतला, कारण दुसऱ्या डागापेक्षा तो धुवायला सोपा वाटला. आणि तिला काय वाटलं असेल? ज्या एका माणसानं तिच्या तांब्याला तोंड लावलं, तेही खोटंच होतं — असंच ना? गयानं ते पाणी उंबऱ्याबाहेर ओतलं, तांब्या उचलला आणि गेली. त्यानंतर तिनं मला अक्का म्हटलेलं नाही.

तिची शेळी दोनदा गाभडली. सुनेचं पहिलं बाळंतपण नीट झालं नाही. दवाखान्यातही कुणाला कारण सांगता आलं नाही. पाण्यानंच झालं असं मी म्हणू शकत नाही. मला माहीत नाही. मला फक्त खड्डा माहीत आहे. माझा मुलगा, सून, नातवंडं येतात तेव्हा मी विकतचा जार आणते. "आई, शेजारी एवढं पाणी असताना?" असं सून विचारते. मी म्हणते, तुमच्या पोटाला सवय नाही.

गयाची सून पुन्हा पोटुशी आहे. सकाळी भिंतीपलीकडं मोटार सुरू होते, आजही झाली. धार हंड्यात पडते, मग हंडा भरत आला की तिचा आवाज बदलतो. मग गया सुनेला हाक मारते, की आधी तू पी गं, उपाशीपोटी.

मी ते ऐकते, माझी घागर उचलते आणि टँकरकडं जाते.